पालिकेचे इंटरनेटचे बिल विभागांत कसे वाटावे: नव्याने टेबल मिळालेल्यांसाठी

संगणक विभागाचे किंवा लेखा शाखेचे टेबल नव्याने मिळाले की पहिल्या तिमाहीतच एक फाइल तुमच्यापुढे येते. आत लीज्ड लाइनचे, म्हणजे पालिकेसाठी राखून घेतलेल्या इंटरनेट जोडणीचे, देयक असते आणि टिपणीवर मागच्या माणसाची ओळ असते: ‘सर्व विभागांवर समान विभागून खर्ची टाकावे.’ तुम्हीही तीच ओळ उतरवून काढाल, सही होईल, बिल निघेल. मी स्वतः दोन वर्षे तेच केले.

मग पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यांनी एकदा मला समोर बसवून विचारले, “आमच्या बारा टाक्यांवरची सिमकार्डं आम्हीच भरतो, फिल्टर हाऊसची लाइन आमचीच. मग मुख्य इमारतीच्या बिलातला पाचवा हिस्सा आमच्याकडून कशाचा घेता?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर ही वाटणी नीट मांडायला मला एक पूर्ण वर्ष लागले. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितो आहे.

ही वाटणी महत्त्वाची का, ते आधी सांगतो. सगळा पैसा शेवटी पालिकेचाच, मग या खिशातला त्या खिशात गेला तर काय बिघडले, असे म्हणणारे बरेच भेटतात. पण पाणीपट्टीचा दर ठरवताना पाणीपुरवठ्याचा खर्च पुढे ठेवला जातो. कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचा खर्च त्या खात्यात घातला, तर नळजोडणीवाल्याच्या पट्टीत तो गुपचूप शिरतो. ज्याच्याकडे नळ नाही आणि जो टँकरवर जगतो, त्याचा हिशेबही बिघडतो, कारण पाणी खाते मुळात किती तोट्यात आहे हेच कोणाला कळत नाही.

मुंबईत बेस्ट उपक्रमाकडे वीज आणि बस ही दोन्ही कामे एका छताखाली आहेत. काही वर्षे परिवहन विभागाच्या तोट्याची वसुली वीजग्राहकांच्या बिलातून होत होती आणि त्यावरून मोठा वाद झाला. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात सार्वजनिक वीज मंडळानेच शहरभर फायबर टाकले आणि २०१० साली घराघरांत एक गिगाबिट वेगाचे इंटरनेट देऊ केले. तीच फायबर विजेच्या जाळ्यातले स्वयंचलित स्विच चालवते आणि तीच इंटरनेटचा धंदाही करते. तिथल्या राज्याच्या कायद्याने विजेच्या पैशातून इंटरनेटला आधार देण्यास बंदी आहे, म्हणून दोन्ही हिशेब वेगळे ठेवावे लागतात. आपल्याकडचे आकडे लहान असतात. प्रश्न मात्र तोच आहे: एकाच तारेवर दोघांचे काम चालते, तेव्हा कोणी किती द्यायचे?

पहिले काम: सगळी बिले एका जागी आणा

तुम्हाला वाटेल की बिल एकच आहे, पण तसे नसते. मुख्य लीज्ड लाइनचे बिल संगणक विभागात येते. उपकार्यालयांची साधी ब्रॉडबँड बिले त्या त्या विभागाच्या किरकोळ खर्चातून जातात. टाक्यांवरच्या आणि पंपहाऊसच्या सिमकार्डांचा खर्च बहुधा स्काडाच्या (टाक्या आणि पंपांवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) देखभाल करारात ठेकेदाराच्या रकमेत मिसळलेला असतो. तो वेगळा काढून मागा. ठेकेदार सुरुवातीला टाळाटाळ करतो, पण सिमची यादी आणि मासिक दर द्यायला त्याला हरकत नसते. पथदिव्यांच्या पॅनेलवर सिम असतील तर त्यांचेही तसेच.

या यादीबरोबर प्रत्येक जोडणीचे ठिकाण स्वतः जाऊन बघा. कागदावर विसंबू नका. मी काम केले त्या पालिकेत एलबीटी (स्थानिक संस्था कर) कार्यालयाची ब्रॉडबँड लाइन एलबीटी बंद झाल्यानंतरही चालू होती. खोलीला कुलूप, राउटरवर धूळ, आणि बिल दर महिन्याला नियमाने खर्ची पडत होते. वाटणीचा विचार करण्याआधी असल्या लाइनी बंद करा. न लागणारा खर्च कितीही न्यायाने वाटला तरी तो न लागणाराच असतो.

दुसरे काम: ज्याचे त्याला आधी द्या

यादीतला जेवढा खर्च एकाच विभागासाठी आहे, तो थेट त्या विभागावर टाका. जलशुद्धीकरण केंद्राची लाइन पाणीपुरवठ्याची, अग्निशमन केंद्राची लाइन अग्निशमनाची, कंपोस्ट डेपोवरची घनकचऱ्याची. इथे वाटणीचा प्रश्नच येत नाही. हे साधे वाटते, पण अनेक ठिकाणी ही बिलेसुद्धा एका गठ्ठ्यात घालून समान भागतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

तिसरे काम: उरलेल्या खर्चाचे कारण शोधा

खरा घोळ इथेच आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

समान वाटणीतला दोष उघड आहे. दोन संगणकांचा विद्युत विभाग आणि साठ उपकरणांचे सामान्य प्रशासन सारखेच पैसे देतात.

दुसरी पद्धत कर्मचारीसंख्येची. ती कागदावर फार शोभून दिसते आणि लेखापरीक्षणात चटकन पटते. पण पालिकेत सर्वांत जास्त माणसे असतात ती सफाई विभागात. झाडू, गाडी आणि कचऱ्याचे डबे घेऊन पहाटे कामाला लागणारी ही माणसे हजेरीच्या यंत्रापुढे उभी राहण्यापलीकडे कार्यालयाच्या इंटरनेटला हात लावत नाहीत. डोकी मोजून बिल वाटले तर सर्वांत मोठा हिस्सा त्यांच्याच विभागावर येतो. पुढे कोणीतरी ‘घनकचरा विभागाचा खर्च फार वाढला’ असे म्हणत त्याच आकड्यावर बोट ठेवते. मला या पद्धतीचा मनापासून राग आहे. ज्यांनी काही वापरले नाही त्यांच्या नावावर खर्च चढतो आणि त्यांना ते कळतही नाही.

तिसरी पद्धत महिन्याभरात किती जीबी वापरले यावर. ही शास्त्रशुद्ध वाटते, पण तिच्यातही खोट आहे. लीज्ड लाइनचा दर महिन्याच्या एकूण जीबीवर ठरत नाही, तो वेगावर ठरतो. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची) लाइन तुम्ही घेतली, कारण सकाळी अकरा ते एक या वेळात ५० एमबीपीएस पुरेनाशी झाली. रात्री दोन वाजता एखादा विभाग आपला बॅकअप पाठवत असेल, तर त्याने जीबी खूप वापरले तरी लाइन मोठी घ्यायला लावली नाही. उलट तो शहाणपणाने वागतो आहे. त्याला जास्त बिल लावले, तर पुढच्या महिन्यापासून तो बॅकअप दुपारी घेईल.

म्हणून मुख्य लाइनचा खर्च गर्दीच्या तासातल्या वापरावर वाटा. ज्या गर्दीमुळे लाइन मोठी घ्यावी लागली, त्या गर्दीत कोण किती होते, एवढेच बघा.

फायरवॉल (बाहेरून येणारा धोका अडवणारे यंत्र), त्याचा वार्षिक परवाना आणि मुख्य लाइन तुटली तर चालणारी पर्यायी जोडणी यांचा खर्च मात्र वापरावर अवलंबून नाही. एक संगणक दिवसभर बंद ठेवला तरी तो चालू होईल तेव्हा त्याला संरक्षण लागतेच. हा भाग जोडलेल्या उपकरणांच्या संख्येवर वाटा.

कॅमेऱ्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. ४ एमबीपीएस वेगाने चित्र पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी डेटा वाहून नेतो. पाण्याच्या टाकीवरचे यंत्र दर दहा सेकंदांना एक किलोबाइटची नोंद पाठवते असे धरा. दिवसाला ८,६४० नोंदी होतात, म्हणजे नऊ एमबीसुद्धा नाही. बारा टाक्यांचा दिवसाचा सगळा डेटा धरला, तरी एकटा कॅमेरा त्याच्या चारशेपट वाहून नेतो. मात्र कॅमेऱ्यांचे चित्र इंटरनेटच्या लाइनवरून जाते, की इमारतीतल्या इमारतीत रेकॉर्डरवर साठते, हे आधी तपासा. आतल्या आत साठत असेल तर त्याचा लीज्ड लाइनशी काही संबंध नाही आणि वाटणीत ते धरायचे नाही.

चौथे काम: मोजणी

विभागवार मोजायचे तर नेटवर्क विभागवार वेगळे हवे. प्रत्येक विभागाला वेगळे व्हीलॅन (त्याच तारांवर केलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) दिलेले असेल, तर फायरवॉलच्या अहवालात प्रत्येकाचा वापर तासागणिक दिसतो. नसेल तर नेटवर्क बघणाऱ्या माणसाला बसवून करून घ्या. बहुतेक ठिकाणी स्विच त्या ताकदीचे असतात, फक्त कोणी ती सोय वापरलेली नसते. तेही जमत नसेल तर पहिल्या वर्षी उपकरणसंख्येवर सगळेच वाटा आणि टिपणीत तसे स्पष्ट लिहा.

कोणता आठवडा मोजायचा, याला फार महत्त्व आहे. मार्चचा शेवटचा पंधरवडा घेतला तर मालमत्ता कराच्या वसुलीमुळे कर विभाग फुगलेला दिसतो. जुलै घेतला तर आपत्ती कक्ष चोवीस तास चालू असतो आणि पाणीपुरवठा, अग्निशमन यांचा वापर वाढलेला असतो. म्हणून तीन आठवडे घ्या, एक मार्चमधला, एक जुलैमधला आणि एक नोव्हेंबरमधला, आणि तिन्हींची सरासरी काढा. आठवडे आधीच लेखी ठरवून सगळ्या विभागप्रमुखांना कळवा. नंतर निवडलेला आठवडा कोणालाच पटत नाही.

पाचवे काम: आकडे मांडा

समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. यातले आकडे कल्पित आहेत, तुमचे वेगळे असतील.

मुख्य लाइन वर्षाला ३,६०,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ४,२४,८०० रुपये. पर्यायी जोडणी जीएसटीसह २१,२४० रुपये. फायरवॉल आणि स्विच तीन लाखांचे, पाच वर्षे चालतील असे धरून वर्षाचे ६०,००० रुपये. फायरवॉलचा परवाना ७०,८०० रुपये. सामायिक खर्च एकूण ५,७६,८४० रुपये.

थेट खर्चात पाणीपुरवठ्याची केंद्रावरची लाइन १४,१६० रुपये आणि बारा सिमकार्डांचे १६,९९२ रुपये. अग्निशमन आणि घनकचरा यांच्या एकेका लाइनचे प्रत्येकी १४,१६० रुपये. विद्युत विभागाकडच्या पथदिव्यांच्या आठ सिमकार्डांचे ११,३२८ रुपये. हे सगळे धरून वर्षाचा एकूण खर्च ६,४७,६४० रुपये झाला.

आता गर्दीच्या तासातला वापर असा निघाला असे समजा: कर, जन्म-मृत्यू नोंदणी आणि इंटरनेटवरून जाणारे कॅमेरे धरून सामान्य प्रशासन ७५ टक्के, पाणीपुरवठा १०, घनकचरा १०, अग्निशमन ३, विद्युत २. मुख्य लाइन या प्रमाणात वाटली. उपकरणे शंभर: सामान्य ६०, पाणीपुरवठा १८, घनकचरा १२, विद्युत ६, अग्निशमन ४. बाकीचे १,५२,०४० रुपये या प्रमाणात वाटले. थेट खर्च त्यात मिळवून वर्षाचे हिस्से असे येतात:

सामान्य प्रशासन: ४,०९,८२४ रुपये
पाणीपुरवठा: १,००,९९९ रुपये
घनकचरा: ७४,८८५ रुपये
अग्निशमन: ३२,९८६ रुपये
विद्युत: २८,९४६ रुपये

थेट बिलांसह सगळा खर्च एका गठ्ठ्यात घालून समान वाटला असता तर प्रत्येकाला १,२९,५२८ रुपये आले असते. म्हणजे पाणीपुरवठ्याने दरवर्षी २८,५२९ रुपये जास्त भरले असते आणि विद्युत विभागाने खऱ्या हिश्श्याच्या साडेचारपट. आमच्या उपअभियंत्यांचे म्हणणे अशा कागदावर उतरले तेव्हा कुठे त्याला वजन आले.

जीएसटीबाबत नवखी माणसे दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक करासह रक्कम न वाटता मूळ रक्कम वाटण्याची. पालिकेच्या या कामांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो कर खर्चच आहे आणि तोही वाटायचा. दुसरी चूक धनादेशाची रक्कम वाटण्याची. करार अडीच लाखांच्या वर असेल तर देयकातून दोन टक्के जीएसटी कापून भरावा लागतो. ती कपात पुरवठादाराच्या पैशातून होते, पालिकेचा खर्च तिने कमी होत नाही. म्हणून वाटणी नेहमी देयकाच्या पूर्ण रकमेची करायची.

सहावे काम: ‘आम्ही वेगळी लाइन घेतो’ या वाक्याला तयार राहा

ही वाटणी जाहीर झाली की कोणीतरी हे म्हणतेच. त्यांचे म्हणणे ऐकून घ्या, कारण ती एक चांगली कसोटी आहे. एखाद्या विभागाचा हिस्सा त्याने स्वतंत्र सोय केली असती त्या खर्चापेक्षा जास्त येत असेल, तर तुमच्या वाटणीत चूक आहे आणि ती सुधारायला हवी.

वरच्या हिशेबात विद्युत विभाग म्हणू शकतो की १४,१६० रुपयांत साधी ब्रॉडबँड घेतो, सिमचे धरून २५,४८८ रुपयांत आमचे भागते, मग २८,९४६ का द्यायचे? प्रश्न रास्त आहे, पण तुलना सारख्याची सारख्याशी हवी. वेगळ्या लाइनला वेगळी फायरवॉल आणि तिचा परवाना लागेल, आणि तो साडेतीन हजारांत येत नाही. फायरवॉल न लावता ती लाइन कार्यालयाच्या नेटवर्कला जोडली, तर सगळ्या पालिकेच्या संगणकांना तिथून धोका आहे. हे विभागप्रमुखांना शांतपणे, आकड्यांसह समजावून सांगा. हुकूम काढून गप्प बसवलेत तर महिन्याभरात कपाटामागे एखादा खासगी राउटर लागलेला सापडेल.

उलट बाजूनेही कसोटी घ्या. एखाद्या विभागाचा हिस्सा इतका कमी येतो का, की त्याच्यामुळे वाढलेला खर्चसुद्धा भरून निघत नाही? सामान्य प्रशासनाने नवे कॅमेरे इंटरनेटवर घेतले आणि त्यासाठी लाइन ५० वरून १०० एमबीपीएस केली असेल, तर तो वाढीव दर आधी त्यांच्यावर टाका आणि उरलेलेच वाटा.

सातवे काम: कागदावर आणा

पद्धत ठरली की एक टिपणी करा. तीत खर्चाची यादी, वाटणीचा आधार, मोजणीचे आठवडे आणि टक्केवारी हवी. नगरपरिषदेत मुख्याधिकारी, महापालिकेत आयुक्त यांची मान्यता घ्या. हे अर्थसंकल्पाचे अंदाज जुळवण्याआधी झाले पाहिजे, म्हणजे प्रत्येक विभागाच्या लेखाशीर्षात तेवढी तरतूद ठेवता येते. तरतूद नसताना मध्येच हिस्सा मागितला तर लेखापाल फाइल परत पाठवतात आणि त्यांचे बरोबर असते.

बिल मात्र एकाच ठिकाणाहून भरा. पाच विभागांनी पाच धनादेश काढायचे ठरवले तर एखादा राहतोच. मग पुरवठादार लाइन बंद करतो आणि दाखल्याच्या खिडकीवर रांग लागते. सामान्य निधीतून पूर्ण देयक भरा आणि तिमाहीला एकदा समायोजनाची नोंद करून इतर खात्यांवर हिस्सा टाका. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका २००४ साली आली. तिच्या धर्तीवर द्विनोंदी पद्धत असेल, तर खर्च कोणत्या कामासाठी झाला हे दाखवणारे संकेतांक तुमच्याकडे आहेतच, तेच वापरा. पाणीपुरवठ्याचे बँक खाते वेगळे असेल तर नुसत्या नोंदीवर थांबू नका, रक्कम खरोखर वर्ग करून घ्या. नाहीतर तीन वर्षांनी ‘येणे’ म्हणून मोठा आकडा साचतो आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेत त्यावर आक्षेप येतो.

वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच दिलेल्या) अनुदानातून हा हिस्सा भागवण्याचा मोह होतो. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचना वाचल्याशिवाय त्याला हात लावू नका. आस्थापना खर्चाला तिथे बहुधा मनाई असते.

स्वतःची फायबर असेल तर

काही पालिकांनी पाण्याच्या नव्या वाहिन्या टाकताना त्याच चरात फायबरची नळी टाकून घेतली आहे. इथे हिशेब बदलतो. फायबरमध्ये सर्वांत महाग असते ती खोदाई आणि रस्ता पूर्ववत करणे. तार त्या मानाने स्वस्त असते. चर जर पाण्याच्या वाहिनीसाठी खोदला असेल, तर खोदाईचा खर्च पाणी योजनेने आधीच सोसलेला आहे. मग २४ कोअरच्या (आतल्या काचेच्या धाग्यांच्या) तारेतले चार कोअर पाणीपुरवठा वापरतो आणि आठ कोअर इतर विभाग, तर इतरांनी फक्त तारेचा हिस्सा देणे न्याय्य नाही, खोदाईचाही काही भाग त्यांच्याकडून पाणी खात्याला मिळाला पाहिजे. मोकळ्या पडलेल्या कोअरचा खर्च मी सामान्य निधीवर टाकीन, कारण त्या पुढे कोणाला लागतील ते आज कोणीच सांगू शकत नाही.

तार तुटली तर दुरुस्ती कोणी करायची, तेही त्याच टिपणीत लिहा. आमच्याकडे पावसाळ्यात गटाराचे काम करताना पालिकेच्याच जेसीबीने तार तोडली. दोन दिवस बांधकाम आणि पाणीपुरवठा एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. तोपर्यंत टाकीची पातळी बघायला वॉचमन रात्रीतून तीनदा, टॉर्च तोंडात धरून ओल्या शिडीवर चढत होता. ज्याने तोडली त्या कामाच्या खर्चातून दुरुस्ती, हा नियम आम्ही त्यानंतर घातला.

वर्षाच्या मध्ये काही बदलले तर

टक्केवारी वर्षभर तीच ठेवा. दर महिन्याला बदललीत तर लेखा शाखा तुमच्यावर विश्वास ठेवणे सोडून देईल. फक्त नवे कार्यालय सुरू झाले, एखादी लाइन बंद झाली किंवा दर बदलला, तर थेट खर्चाचा भाग त्याच तिमाहीत दुरुस्त करा. उपकरणांची मोजणी वर्षातून एकदा, जानेवारीत, प्रत्येक विभागाच्या लिपिकासोबत फिरून करा आणि यादीवर त्यांची सही घ्या.